तोट्याचा हिशेब कुठून धरायचा?

व्यसनानं माणसाचं किती नुकसान झालं हे मोजायच्या ज्या प्रश्नावल्या आज जगभर वापरल्या जातात, त्यांत नोकरी, संसार, मैत्री, पैसा, पोलीस आणि तब्येत यांबद्दल विचारलेलं असतं. प्रश्न बरोबरच आहेत. पण ते ज्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले, तो माणूस कामावर जाणारा, बायकापोरं असलेला, चारचौघांत उठबस असणारा आहे. त्याची दारू वाढली की एकेक गोष्ट हातची जाते आणि कागदावर एकेक खूण वाढते. हाच कागद आता अशा माणसापुढे ठेवा, ज्याला एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला, कॉलेज सुटलं, लग्न झालं नाही आणि जो आज पस्तिशीत आईच्या विड्यांच्या मजुरीवर जगतो. नोकरी गेली का? नाही. बायकोशी भांडणं? नाही. मित्र तुटले? नाही. बेरीज इतकी कमी येते की कागदाच्या मते या माणसाचं फारसं काही बिघडलेलंच नाही.

निपाणीतल्या एका घरात हे प्रश्न मी वाचून दाखवत होते. मुलगा भिंतीला टेकून बसला होता, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. नोकरीच्या प्रश्नाला त्यानं मान हलवली, ‘न्हाई.’ आईचे हात चालूच होते. ती म्हणाली, ‘असती तर गेली असती न्हवं, ताई? जायला आधी असाय नगो व्हय?’ मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि फळीवरून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढे मांडली. एका पाकिटात मधल्याच चार गोळ्या शिल्लक होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या घेतलेल्या होत्या. त्या चार दिवसांचं तिला सगळं पाठ होतं. दुकानात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की गोळी आणि दारू एकत्र पोटात गेली की माणूस मरतो. म्हणून ज्या दिवशी त्याला कोणी नव्वदचं पाकीट पाजतं, त्या रात्री तो गोळी घेत नाही. दुसऱ्या दिवशीही भीतीनं घेत नाही. तिसऱ्या रात्री झोप उडते. चौथ्या दिवशी शेजारी आपल्याबद्दल बोलतायत असं त्याला ऐकू येऊ लागतं आणि तो त्यांचं दार वाजवायला जातो.

पिणं किती? महिन्यातून दोन-तीनदा, नव्वद मिली. नुकसान किती? एकदा दवाखान्यात भरती, एकदा पोलीस, आणि त्या आठवड्यांत आईची बुडालेली मजुरी. पहिल्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. माझ्या मते या विषयाचं मर्म इथंच आहे, आणि या पुस्तिकेची ही प्रस्तावना मुख्यतः त्याच्यासाठी लिहिली आहे.

किम म्यूझर आणि रॉबर्ट ड्रेक या अमेरिकन संशोधकांनी 1990च्या दशकात याच गोष्टीची मांडणी केली. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा जास्त पितात म्हणून त्यांचं जास्त बिघडतं, असं नेहमीच नसतं. मेंदू आधीच नाजूक झालेला असल्यानं थोडक्या नशेचाही त्यांना मोठा फटका बसतो. इतरांना जे चारचौघांसारखं पिणं वाटतं, ते त्यांना दवाखान्यापर्यंत नेतं. म्हणून किती प्यायला, हा या माणसांच्या बाबतीत दुय्यम प्रश्न ठरतो. प्यायल्यावर पुढच्या सात दिवसांत काय झालं, हे आधी विचारायला हवं.

हातात असलेली साधनं काय म्हणतात ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं 1980च्या दशकात सहा देशांतल्या रुग्णांच्या आधारानं ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी तयार केली. पहिले तीन प्रश्न प्रमाणाचे, पुढचे तीन परावलंबनाचे, शेवटचे चार नुकसानीचे. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण आले की धोका समजायचा. यातला तिसरा प्रश्न एका बैठकीत सहा ‘ड्रिंक’ घेण्याबद्दल आहे. एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या नव्वद मिलीत साधारण 30 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे तीन ड्रिंक. क्वार्टर म्हणजे सहा. हा हिशेब न करता ‘किती ग्लास घेता?’ असं विचारणारे आणि ‘एकच’ हे उत्तर लिहून घेणारे मी पाहिले आहेत. त्या एका ग्लासात अख्खी क्वार्टर ओतलेली असते.

नुकसानच मोजायचं म्हणून अमेरिकन संशोधक विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली पन्नास प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. शरीर, मन, नाती, स्वतःवरचा ताबा आणि सामाजिक जबाबदाऱ्या अशी तिची पाच अंगं आहेत. तिचंच पंधरा प्रश्नांचं आटोपशीर रूप आहे आणि दारूऐवजी इतर अमली पदार्थांसाठी बेतलेलं भावंडही आहे. तिचा मोठा गुण असा की ती ‘तू व्यसनी आहेस का?’ असं विचारत नाही. घडलेल्या गोष्टी एकेक करून विचारते, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला स्वतःवर शिक्का मारून घ्यावा लागत नाही. आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसांसाठी मात्र ती जशीच्या तशी चालत नाही, हे अमेरिकेतही लक्षात आलं. प्रश्न लांब होते, काळ फार मागचा होता, ‘क्वचित, कधीकधी, वारंवार’ अशा पायऱ्या निवडताना गोंधळ उडत होता आणि काही प्रश्न लागूच पडत नव्हते. 1998 साली न्यू हॅम्पशायरमध्ये खास मनोरुग्णांमधलं व्यसन ओळखण्यासाठी अठरा प्रश्नांची वेगळी चाचणी तयार झाली, कारण सर्वसाधारण लोकांसाठीच्या चाचण्या या माणसांच्या बाबतीत चुकत होत्या.

प्रमाण आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा आपल्याजवळचा पुरावा गोव्याचा आहे. चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. बेळगावला तो परका नाही. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची एक चाचणी केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी ऑडिटचे गुण आठच्या खाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के होतं, न मिळालेल्यांत 26 टक्के. पिणं पूर्ण थांबवलेलेही लक्षणीय वाढले. यश मोठं आहे आणि त्याचं मोल कमी करायचं नाही. पण त्याच चाचणीत पिण्यामुळे होणाऱ्या त्रासाचे गुणही मोजले होते, कामाचे बुडालेले दिवसही मोजले होते, आणि त्यांत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. पिणं आधी कमी होतं, नुकसान त्याच्या मागून, कधी बरंच उशिरा भरून येतं. दोन्ही मोजलं म्हणून हे कळलं. फक्त बाटल्या मोजल्या असत्या तर काम फत्ते झालं असं वाटलं असतं.

मोजण्यात गफलत झाली की किती दूरवर जाते, याची एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि धारवाडला वेड्यांचं इस्पितळ होतं, ज्याच्या जागी आज ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था उभी आहे. देशभरच्या अशा इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचं कारण म्हणून ‘गांजा’ इतक्या वेळा लिहिलेलं असे की गांजानं हिंदुस्थानात वेड पसरतं आहे, असा बोभाटा विलायतेपर्यंत गेला. 1893 साली सरकारनं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. आयोगानं अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि एक साधं पण फार मोलाचं काम केलं: 1892 या एका वर्षात भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद मुळापर्यंत तपासली. त्या वर्षीच्या 1,344 भरत्यांपैकी 222 गांजा-चरसाच्या खात्यावर टाकलेल्या होत्या. छाननीनंतर 98 उरल्या, आणि त्यांतही दुसरं कुठलंच कारण नाही अशा फक्त 61.

बाकीच्यांचं काय झालं होतं? रुग्णाला आणणारा पोलीस एक वर्णनपत्र भरत असे. त्यात कारणाचा रकाना होता आणि तो मोकळा ठेवून चालत नसे. माणूस कधी गांजा ओढायचा असं कोणी म्हटलं की रकाना भरला. इस्पितळातला डॉक्टर तेच आपल्या वहीत उतरवी, वर्षाअखेर वहीची बेरीज होई, आणि त्या बेरजेवर लंडनमध्ये चर्चा होई. रुग्णाला कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

म्हणून गांजा निरुपद्रवी असं मात्र कोणी समजू नये. स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यात भरती झालेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला, आणि ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढला होता त्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. 1987 साली हे प्रसिद्ध झालं. नंतरच्या अभ्यासांत हा सहाचा आकडा कमी झाला, पण संबंध पुसला गेला नाही. कोवळ्या वयातली सुरुवात आणि घराण्यातला आजार असेल तर धोका अधिक. 1893चा आयोग आणि 1987चे स्वीडिश संशोधक यांचं एकमेकांशी भांडण नाही. पहिल्यानं दाखवलं की शिक्का मारणं म्हणजे मोजणं नव्हे. दुसऱ्यांनी नीट मोजून दाखवलं.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमाभागात आज काय चाललंय? शिक्के चालूच आहेत, आता उलट्या दिशेनंही. दारू पिणाऱ्याचं बरळणं, संशय, रात्ररात्र जागणं हे ‘पितोय म्हणून’ या एका वाक्यात निकालात निघतं आणि त्यामागचा आजार पाच-पाच वर्षं दिसत नाही. दुसरीकडे आजाराचं निदान झालेल्याच्या तंबाखूकडे, दारूकडे ‘त्याला तेवढाच विरंगुळा’ म्हणून काणाडोळा होतो. बायकांचं तर कोणी विचारतच नाही. पहाटे उठून मशेरी भाजायची, दिवसातून पाच-सहा वेळा दातांना लावायची, त्याशिवाय डोकं चढतं, कामात हात चालत नाही. ही तंबाखूच आहे. नैराश्यावर औषध घेणाऱ्या बाईला डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ विचारलं की ती आणि तिची सासू दोघी एकदम ‘छे छे’ म्हणतात, आणि त्यात खोटेपणा नसतो. मशेरीला कोणी व्यसन म्हटलेलंच नसतं.

तंबाखूबद्दल इथं थोडं थांबायला हवं. निपाणीत तंबाखू ही फक्त खायची-ओढायची वस्तू नाही. या गावची पेठ, वखारी, शेती, बायकांची मजुरी सगळं तिच्यावर उभं राहिलं. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच सुमाराला वखारींतल्या बायका संघटित झाल्या. त्यांच्यावर दीपा धनराज यांनी 1982 साली केलेला माहितीपट आजही पाहण्यासारखा आहे. अशा गावात तंबाखूच्या दुष्परिणामांबद्दल बोलणं म्हणजे लोकांच्या ताटाबद्दल बोलणं, हे ध्यानात ठेवूनच बोललं पाहिजे. पण बोललं पाहिजेच. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात. बहुतेक मरतात ती हृदयविकारानं, फुप्फुसांच्या रोगांनी, अंगावर काढलेल्या शारीरिक दुखण्यांनी. त्यात तंबाखूचा वाटा मोठा आहे. आजाराच्या फायलीत मात्र तंबाखूचा उल्लेख अनेकदा एका खुणेपुरताही नसतो.

आणि एक गोष्ट तर प्रत्येक विडी ओढणाऱ्या रुग्णाच्या घरी माहीत असायलाच हवी. विडी-सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक विशिष्ट विकर जोमानं कामाला लावतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधं तेच विकर मोडून काढतं. म्हणजे रोज दोन कट्टे विड्या ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी टिकतं आणि त्याला जास्त मात्रा लागते. पुढे तोच माणूस दवाखान्यात भरती झाला, विडी बंद झाली, की काही दिवसांत औषधाची पातळी चढते. क्लोझापिनच्या बाबतीत ती दीडपटीवरही जाऊ शकते: माणूस दिवसभर गुंगीत, तोंडातून लाळ, क्वचित झटकेही. घरचे म्हणतात, दवाखान्यात नेल्यावर पार बिघडला. उलटही होतं. भरती असताना बेतलेली मात्रा घेऊन तो घरी येतो, पुन्हा विडी सुरू करतो, आणि महिन्यात आवाज परततात. मग ठपका येतो ‘गोळ्या घेत नाही’ असा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्याच्या बाबतीत तो होत नाही, जरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच. तेव्हा ‘तंबाखू: होय/नाही’ हा प्रश्न अपुरा आहे. ओढतो की खातो, आणि गेल्या पंधरवड्यात त्यात काही बदल झाला का, हे विचारायला हवं. उत्तर डॉक्टरांपर्यंत जायला हवं.

आकडे म्हणाल तर आपल्या भागाचे आकडे फार थोडे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 22.4 टक्के लोकांत तंबाखूसह कुठल्यातरी पदार्थाच्या वापराचा विकार आढळला आणि दारूच्या विकारात उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण 86 टक्क्यांच्या आसपास होतं. पण ते सर्वेक्षण ज्या 12 राज्यांत झालं त्यांत ना कर्नाटक होतं, ना महाराष्ट्र. सीमेच्या दोन्ही बाजू कोऱ्या. आणि सीमेवरची नशा तर सीमेच्या नियमांनुसार रूप बदलते. महाराष्ट्रात 2012 साली गुटखा बंद झाला, कर्नाटकात 2013 साली; मग मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. कर्नाटकानं 2007 साली सारायी बंद केली, तिची जागा स्वस्त व्हिस्कीच्या पाकिटांनी घेतली. गोव्याची दारू घाटांतून चढते. बंगळूर किंवा मुंबईत छापलेल्या फॉर्मवर यातलं काही नसतं.

उपचारांची विभागणी हे आणखी एक दुखणं. सरकारी रचनेतच व्यसनमुक्तीची अनुदानित केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे आहेत आणि मनोरुग्णांची सेवा आरोग्य खात्याकडे. त्याचा परिणाम घरच्यांना भोगावा लागतो. एका ठिकाणी सांगतात, ‘याला आवाज ऐकू येतात, आधी डोक्याच्या डॉक्टरला दाखवा.’ तिथं गेलं की, ‘आधी याची दारू सोडवून आणा.’ अशा खेपा घालून थकलेली आणि शेवटी मुलाला गाणगापूरला नेऊन सोडलेली माणसं मला ठाऊक आहेत; त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. म्हणजे कायद्यानं ही भिंत पाडली आहे, केस-पेपरवर ती अजून उभी आहे. खरं तर कर्नाटकाला या कामाची परंपरा आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं 1980च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात मानसिक आरोग्याचं काम प्राथमिक केंद्रांपर्यंत नेऊन दाखवलं आणि त्याच नमुन्यावर 1996 साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. राज्याच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी मानसोपचाराची सोय ठरवलेली आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ उभं केलं, तेव्हा व्यसनाला आजार म्हणणंच धाडसाचं होतं. आता पुढची पायरी दोन आजार एका माणसात एकत्र पाहण्याची आहे.

मग इथं मोजायचं कसं? या पुस्तिकेतली प्रश्नांची यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे. ती गेल्या एका महिन्यापुरतीच विचारते, ‘झालं की नाही’ इतकंच विचारते, आणि नोकरी-लग्नाऐवजी त्या माणसाच्या हातात आज जे आहे तिथून सुरुवात करते. गोळी चुकली का? झोप मोडली का? आवाज, संशय वाढले का? जेवण सुटलं का? घरातलं काही विकलं किंवा गहाण पडलं का? पेन्शनचे, मजुरीचे पैसे कुठे गेले? कोणी मारलं का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नशेत असलेला मनोरुग्ण मारतो यापेक्षा मार खातो हे जास्त घडतं, आणि कोणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. कोणी पाजून कागदावर अंगठा घेतला का? वाटणीच्या जमिनी अशा गेलेल्या आहेत. आणि शेवटी, घरात ज्याच्यावर त्याचा भार आहे त्या माणसाचं किती काम बुडालं?

त्याबरोबर एक प्रश्न नफ्याचा आहे. प्यायल्यानं, ओढल्यानं काय बरं वाटतं? हा प्रश्न काढून टाकायची सूचना आली होती. मी तो ठेवायचा आग्रह धरला. उत्तरं ऐकली की कळतं: आवाज थोडा वेळ गप्प होतात, औषधांनी आलेला अंगाचा ताठरपणा सैल होतो, झोप लागते, टपरीवर कोणीतरी ‘ये बस’ म्हणतं. यातल्या निम्म्या गोष्टींवर दुसरा इलाज आहे. ताठरपणावर औषध बदलता येतं. ‘ये बस’ म्हणणारी दुसरी जागा काढणं अवघड, पण अशक्य नाही. हे विचारल्याशिवाय नुसतं ‘सोड’ म्हणण्याला त्या माणसाच्या लेखी अर्थ नसतो.

यातलं किती आजाराचं आणि किती नशेचं, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्ता विचारतो. एका बैठकीत त्याचं उत्तर मिळत नाही, मिळालं तर संशय घ्यावा. उपाय कॅलेंडरचा आहे. माणसाला ‘महिन्यातून किती वेळा?’ विचारलं तर तो अंदाजे काहीतरी सांगतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ‘बेंदराच्या दिवशी? उरुसात? चिंचलीच्या यात्रेला गेला होतास तेव्हा? मजुरीचं वाटप झालं त्या संध्याकाळी?’ असं विचारलं की दिवस आपोआप आठवतात. लिंडा आणि मार्क सोबेल या दांपत्यानं हीच पद्धत शास्त्रशुद्ध करून दाखवली आणि ती जगभर वापरली जाते. एका रंगानं नशेचे दिवस, दुसऱ्यानं चुकलेल्या गोळ्यांचे, तिसऱ्यानं बिघाडाचे. तीन-चार महिन्यांत क्रम दिसू लागतो: कोणाचं आधी पिणं, मग बिघाड, कोणाची आधी झोप उडते, आणि ती आणण्यासाठी पिणं. दोघांचा उपचार एक नाही. तुलना दुसऱ्याशी करायची नाही, त्याच माणसाच्या मागच्या महिन्याशी करायची. म्हणूनच या यादीला अमुक गुणांच्या वर ‘व्यसनी’ अशी रेघ आखलेली नाही.

विचारताना काही पथ्यं पाळावी लागतील. माणूस ऐन बिघाडात असताना विचारू नये. त्या वेळची उत्तरं नंतर त्यालाच ओळखू येत नाहीत. घरच्यांना वेगळं विचारावं, पण त्याला सांगून. तो मराठी बोलतो तर मराठीत, कन्नड बोलतो तर कन्नडमध्ये विचारावं. दुभाष्याच्या हाती हे प्रश्न दिले की उत्तरं ‘होय-नाही’त आटपतात. गांज्याबद्दल विचारताना भीती असणारच, कारण 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं सेवनही गुन्हा आहे. म्हणून हा कागद उपचाराच्या फायलीतच राहील, पोलीस-पाटलाकडे जाणार नाही, हे आधी सांगावं आणि पाळावं. गोपनीयता हा 2017च्या कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. आणि गोळी-दारूच्या भीतीबद्दल प्रत्येक घरात आपल्याकडून बोलणं काढावं. दारू गोळ्यांबरोबर घेऊ नये हे खरंच, पण प्यायला म्हणून पुढचे चार दिवस गोळ्या बंद ठेवणं जास्त महागात पडतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं हे ज्याच्या त्याच्या औषधानुसार डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं आणि गोळ्यांच्या डब्याला चिकटवून ठेवावं.

कॅलेंडरवर सलग दोन आठवडे बिघाडाचा रंग दिसला, झोप तीन रात्री उडाली, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं ऐकू आलं, तर पुढच्या मंगळवारची वाट पाहू नये. 14416 हा ‘टेलि मानस’चा क्रमांक 2022च्या ऑक्टोबरपासून चालू आहे; तिथं मराठीतही बोलता येतं, फोन फुकट आहे आणि रात्रीही उचलला जातो. तो क्रमांक यादीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापला आहे. भरलेली यादी दर महिन्याला डॉक्टरांपुढे ठेवायची, आणि तिची एक प्रत त्या माणसाच्या स्वतःच्या हातात द्यायची.